पुढची कादंबरी कशावर? एका जुन्या वादाची मुळं

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी हमखास एक विषय निघतो. विश्वास पाटलांनी आता काय लिहावं? लेखक आपल्याच जिल्ह्यातला, वाळवा तालुक्यातल्या नेर्ल्याचा, म्हणून प्रत्येकाला त्यांच्यावर हक्क वाटतो. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलं, तेव्हापासून तर हा हक्क आणखी वाढलाय. निवृत्त गुरुजींना 'पानिपत'सारखी लढाई हवी असते. चांदोली धरणात ज्याच्या आजोबांचं गाव गेलं तो पोरगा म्हणतो, लढाया पुष्कळ झाल्या, आता पुन्हा आमच्यावर लिहा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी म्हणते, सरांनी सनदी अधिकारी म्हणून सरकार आतून बघितलंय, फायलींच्या आतली रहस्यकथा त्यांच्याशिवाय कोण लिहिणार?

तिघंही मनापासून बोलतात. आणि बोलताना जे शब्द वापरतात, ऐतिहासिक, सामाजिक, रहस्य, ते शब्द त्यांच्या तोंडी आले कुठून, हे बघण्यासारखं आहे.

मराठी कादंबरीला सामाजिक आणि ऐतिहासिक हे दोन कप्पे जवळपास जन्मापासूनच मिळाले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, विषय विधवांची दैना. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची, विषय शिवकाळ. पण कप्प्यांना नावं देऊन ती वाचकांच्या अंगवळणी पाडली हरिभाऊ आपट्यांनी. १८९०मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून क्रमशः कादंबऱ्या छापल्या. घरातल्या, वाड्यातल्या, बायकांच्या दुःखाच्या कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' असं नाव दिलं. शिवाजी महाराजांच्या काळावरच्या 'उषःकाल'सारख्या वेगळ्या. मला हे नाव फार आवडतं. 'सामाजिक' या कोरड्या शब्दापेक्षा 'आजकालच्या' किती जवळचं वाटतं! एकाच लेखकाच्या हातून दोन्ही धारा वाहत होत्या, आणि वाचकाला दर आठवड्याला थांबून पुढचं प्रकरण मिळत होतं. आठवडाभर थांबणारा वाचक नुसता थांबत नाही, पुढे काय व्हावं हे तो आपल्यापुरतं ठरवत असतो. पुढे काय लिहावं हे सांगण्याची सवय तिथूनच सुरू झाली असावी, असं मला वाटतं.

आमच्या भागात ही सवय रुजायला आणखी एक कारण आहे, आणि ते नांगराच्या कारखान्यातून आलं. १९१०मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, ते कारखान्याचं स्वतःचं पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं बघता बघता मासिक केलं, १९२९मध्ये नाव नुसतं 'किर्लोस्कर' झालं, १९३०मध्ये 'स्त्री' आणि १९३४मध्ये 'मनोहर' आलं. महाराष्ट्रभर वाचली जाणारी तीन मासिकं आजच्या पलूस तालुक्यातून, शेतांच्या मधून निघत होती! आमच्या आजीच्या पेटीत 'स्त्री'चे जुने अंक होते. पानांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, "हिचं पुढं काय झालं ते लिहायला हवं होतं." एवढी एकच ओळ मला आठवते. तिनं ती कुणाला पाठवली नाही, पण मागणी तर नोंदवलीच.

त्याच काळात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर हा वाद घरोघरी गाजत होता. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद आज शाळेच्या पुस्तकात उरलाय. पण त्याचा एक परिणाम टिकला. वाचक लेखकाला त्याच्या भूमिकेवरून ओळखू लागला. वि. स. खांडेकर म्हणजे ध्येयवादी सामाजिक कादंबरी, हे समीकरण पक्कं झालं. खांडेकर जन्माने सांगलीचे. १९३०च्या 'हृदयाची हाक'पासून त्यांनी वर्षानुवर्षं तेच समीकरण जपलं, 'दोन ध्रुव', 'उल्का', 'क्रौंचवध'.

आणि १९५९मध्ये 'ययाति' आली. महाभारतातला एक राजा, त्याची देवयानी, त्याची शर्मिष्ठा, आणि तिघंही स्वतःच्या तोंडून बोलणारी. सामाजिक कप्प्यात ठेवलेला लेखक पुराणात शिरला, आणि तिथे बसून आजच्या माणसाच्या हावेबद्दल बोलला. 'ययाति'ला १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि १९७४चा ज्ञानपीठ खांडेकरांच्या नावे मराठीत पहिल्यांदा आला. माझ्या मते ती त्यांची सगळ्यात सामाजिक कादंबरी आहे. वाचनालयात मी हे म्हटलं की गुरुजी मान हलवतात, पण त्यांनाही ते पटतं.

त्याच १९५९मध्ये दुसरं पुस्तक आलं, आणि तेही आमच्याच मातीतल्या माणसाचं. अण्णा भाऊ साठे, वाटेगाव, तालुका वाळवा. 'फकिरा'. तिला प्रस्तावना खांडेकरांची. सांगलीत जन्मलेल्या पांढरपेशा लेखकानं वाटेगावच्या मांगवाड्यातून मुंबईला चालत गेलेल्या लेखकाच्या पुस्तकापुढं आपले शब्द ठेवावेत, हा प्रसंग मला आमच्या जिल्ह्याच्या साहित्याचा सगळ्यात मोठा वाटतो. आता सांगा, 'फकिरा' कुठल्या कप्प्यात घालायची? इंग्रजी अमलाखालचा काळ म्हणून ऐतिहासिक? जातीचा प्रश्न म्हणून सामाजिक? वारणाकाठची बोली म्हणून ग्रामीण? अण्णा भाऊंनी पोवाडे लिहिले, लावण्या लिहिल्या, लोकनाट्यं उभी केली. कादंबरी लिहितानाही त्यांचा कान समोर बसलेल्या गर्दीकडे असतो, म्हणून ते पान मोठ्यानं वाचलं की जिवंत होतं.

साठच्या दशकात मात्र पारडं इतिहास-पुराणाकडे झुकलं. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ची, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ची. एक कोवाडचे, दुसरे आजऱ्याचे, दोघंही शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. 'आता संभाजीराजांवर लिहा', 'आता कृष्णावर लिहा' या मागणीची जी भाषा आज ऐकू येते ती या लाटेची. रहस्यकथांची मागणी त्याहून जुनी आणि जोरदार, बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहूनही ती भागली नाही. पण वाचनालयाच्या कपाटात तिला खालचा खण मिळाला. अभ्यास करणाऱ्या त्या मुलीला अजून जरा दबक्या आवाजात बोलावं लागतं, ते त्यामुळंच.

व्यंकटेश माडगूळकरांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण वाचकाची मागणी आणि लेखकाची वाट यांतलं अंतर त्यांच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. माणदेशातले, आजच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. धनगरांच्या वाडीवर गेलेल्या कोवळ्या मास्तराची 'बनगरवाडी' १९५४च्या 'मौज' दिवाळी अंकात आली आणि पुढल्या वर्षी पुस्तक झालं. त्यानंतर सगळ्यांना त्यांच्याकडून वाडीच हवी होती. ते मात्र खांद्याला दुर्बीण अडकवून जंगलात गेले. १९८२मध्ये 'सत्तांतर' आलं. त्यात माणूस नाही, वानरांची टोळी आहे, आणि टोळीचा म्होरक्या कसा बदलतो ते आहे. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच मिळाला. 'बनगरवाडी' लिहिणारा डोळाच तिथंही आहे. मेंढरांचा कळप हलताना जसा बघितला तशीच टोळी हलताना बघितलेली.

या कप्प्यांना खरोखरीच्या भिंती मिळाल्या त्या भिलारमध्ये. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना लागणारं हे गाव ४ मे २०१७ला 'पुस्तकांचं गाव' झालं. सुरुवातीला २५ ठिकाणं, सुमारे १५ हजार पुस्तकं, आणि जागोजागी एकेक साहित्यप्रकार. एका घरी कादंबरी, एका घरी कविता, कुठे इतिहास, कुठे चरित्रं. मी गेलो तेव्हा सोप्यात एका बाजूला स्ट्रॉबेरीचे रिकामे क्रेट रचलेले, दुसऱ्या बाजूला काचेचं कपाट. घरच्या वहिनींनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "कोण लेखक पाहिजे?" मी म्हटलं, व्यंकटेश माडगूळकर. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला दोन-तीन घरं फिरावी लागतील." आणि खरंच, कथेसाठी वर, कादंबरीसाठी खाली, असा मी तासभर उन्हात हिंडलो. वहिनींच्या त्या एका वाक्यात माडगूळकरांची थोरवी नेमकी सांगितली गेली होती.

विश्वास पाटलांच्या बाबतीत वाचकांची ओढाताण होते तीही अशीच. लढाईवरची 'पानिपत' १९८८ची, धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' १९९१ची. तीन वर्षांच्या अंतरानं आलेली दोन पुस्तकं, आणि तेव्हापासून त्यांचे वाचक दोन गटांत उभे आहेत. 'झाडाझडती'ला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'महानायक' आणि 'संभाजी'नं पुन्हा पहिल्या गटाला बळ दिलं. सांगली आणि सातारा या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत दोन्ही मागण्यांना घरचं कारण आहे. गडकोट आणि मराठ्यांची राजधानी साताऱ्याकडे. कोयनेच्या पाण्यात गेलेली गावंही तिकडेच, वारणेच्या पाण्यात गेलेली इकडे. कोयना किंवा चांदोलीचा धरणग्रस्त 'झाडाझडती' वाचतो तेव्हा तो स्वतःच्या सातबाऱ्याची गोष्ट वाचत असतो.

मला विचाराल तर माझी मागणी पत्री सरकारची. १९४३ ते १९४६, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, कुंडलची तुफान सेना, शेणोलीजवळ अडवलेली रेल्वे. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. ही गोष्ट इतिहासात बसते, 'आजकालच्या गोष्टीं'तही बसते, आणि गावात न्याय कसा झाला याची थरारक कथाही तिच्यात आहे. परवाच्या रविवारी मी हे बोललो तेव्हा गुरुजी पहिल्यांदा गप्प बसले. धरणग्रस्ताचा पोरगा म्हणाला, माझा पणजा होता त्यात. अभ्यासवाल्या मुलीनं मागणीची वही पुढं ओढली आणि तारीख घालून विषय लिहिला. खाली तिघांनी सह्या केल्या.