एमसीबी तार वाचवते, आरसीसीबी माणूस

नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई देवी बसते. दिवस श्रावणाचे. भिंती ओलसर, अंगणात चिखल, आणि ठिबकत्या पत्र्याच्या कडेने, खिडकीच्या लोखंडी ग्रिलवरून लायटिंगच्या माळा सोडलेल्या. कोणी काळजीने विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "एमसीबी शे ना, मंग काही व्हत नही." होतं. एमसीबी म्हणजे बोर्डातला, करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. शॉकपासून वाचवणं हे तिचं कामच नाही. ते आरसीसीबीचं काम, म्हणजे करंटची गळती झाली की पडणाऱ्या स्विचचं, जिला बरेच वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात.

एमसीबी फक्त एवढंच बघते, की तारेतून किती अँपिअर चाललेत. लोड जास्त झाला की आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि एमसीबी पडते. शॉर्ट झालं तर आतलं चुंबक तिला क्षणात पाडतं. आता ओल्या अंगणात अनवाणी उभ्या माणसाचा हात उघड्या फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, लागला असं धरा. अशा वेळी शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरतात. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ०.२ अँपिअर जातील. माणसाचा जीव घ्यायला तेवढे पुरतात. पण ६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तो माणूस म्हणजे ४०-५० वॉटचा एक बल्ब. ती कशाला पडेल?

आरसीसीबी लोड मोजतच नाही. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने, म्हणजे परतीच्या तारेने, तेवढाच परत आला का, हा तिचा हिशोब. मधेच काही करंट माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला की हिशोब चुकतो आणि ती दोन्ही तारा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. तेवढ्या गळतीला ती ०.३ सेकंदात पडते, पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात. झटका बसतो, पण माणूस चिकटून राहत नाही. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचीही मिळते. ती आगीपासून बचावासाठी, माणसासाठी तिचा भरवसा धरू नये.

उलट बाजूही लक्षात ठेवा. नुसती आरसीसीबी बसवली आणि माळेत शॉर्ट झालं, तर ती ढिम्म. म्हणून दोन्ही हव्यात. एकाच डबीत दोन्ही कामं करणारी आरसीबीओ मिळते, पण महाग पडते.

ओळखायच्या कशा? दोन पोलची (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी आणि आरसीसीबी दिसायला सारख्याच, रुंदीलाही सारख्या, म्हणून फसगत होते. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा आकडा छापलेला असतो. बटण नाही, तर ती आरसीसीबी नाही. वीज चालू असताना ते बटण दाबायचं. पडली तर यंत्र चालू आहे, नाही पडली तर बदला. महिन्यातून एकदा दाबावं, माळा लावण्याआधी तर नक्कीच.

जुन्या घराच्या बोर्डात आरसीसीबी नसेल तर निदान सजावटीपुरता वेगळा बॉक्स वायरमनकडून करून घ्या: २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरची दोन पोलची आरसीसीबी, तिच्या पुढे फेजवर ६ अँपिअरची एमसीबी, मग तीन-चार सॉकेट. अर्थिंगची तार आरसीसीबीतून न्यायची नाही, थेट सॉकेटला जोडायची. बॉक्स घरात, कोरड्या जागी, कमरेच्या वर.

सण आला की आरसीसीबी वारंवार पडते आणि वैतागून कोणीतरी ती बायपास करतं. हा सगळ्यात वाईट उपाय. आधी सगळे प्लग उपटा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग आरसीसीबी चढवा आणि एकेक प्लग लावत जा. ज्या माळेला ती पडेल, दोष तिच्यात. बहुतेकदा टेप गुंडाळलेल्या जोडात पाणी गेलेलं असतं, नाहीतर घासलेली तार ग्रिलला टेकलेली असते. दुसरं कारण उसना न्यूट्रल: फेज आपल्या बोर्डातून, न्यूट्रल शेजारच्या खोलीतून. कोणी अर्थिंगलाच न्यूट्रल केलं असेल तर माळा पेटताच ती पडू शकते. हे तिचं बिघडणं नव्हे.

एमसीबी पडण्याची कारणं निराळी. दहा एलईडी माळांचा लोड मिळून एक अँपिअरसुद्धा भरत नाही. ती पडते ती माळ चिरडून दोन तारा भिडल्या तर, किंवा त्याच लाइनवर हॅलोजन, साउंड आणि नैवेद्याचे रोट भाजायची शेगडी लावली तर. अशा वेळी ६ च्या जागी ३२ ची बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण. एमसीबी पडण्याआधी भिंतीतली तार जळेल. तसंही माळेची केसासारखी तार १६ अँपिअरच्या सॉकेटवर असेल, तर एमसीबी पडायच्या आत ती वितळू शकते. पडदा, थर्माकोल, कापडी मखर यांना ती टेकवूच नका.

काही ठिकाणी दोन्ही असूनही उपयोग नाही. तुटलेल्या माळेची दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि पायात कोरडी चप्पल असेल, तर करंट हातातून न्यूट्रलला परत जातो; हिशोब बरोबर, आरसीसीबी गप्प. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर चालणाऱ्या लाइनला मुख्य बोर्डातल्या आरसीसीबीचं संरक्षण मिळेलच असं नाही. आणि आकडा टाकून घेतलेल्या लायटिंगला तर दोन्हीपैकी काहीच नाही.

सोमवारी विसर्जनानंतर माळा उतरवताना घाई होते. आधी प्लग काढा, मग शिडी लावा.