लगेच ‘मोकळं हो’ म्हणू नका

गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाला लवकर बोलतं केलं की धक्का ओसरतो, ही समजूत फार पक्की आहे. आपत्कालीन सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी १९८०च्या दशकात आखलेली ‘डीब्रीफिंग’ पद्धत याच समजुतीवर पुढे पीडितांसाठीही वापरली गेली. घटनेनंतर काही दिवसांतच एक बैठक घ्यायची आणि सगळा प्रसंग पहिल्यापासून वदवून घ्यायचा. पण अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असं चाचण्यांत दिसलं.

आता सुरुवातीला मानसिक प्रथमोपचार देतात. पाहा, ऐका, हव्या त्या मदतीशी जोडून द्या, एवढंच त्याचं सूत्र. ‘काय झालं?’ऐवजी ‘आत्ता काय हवंय?’ असं विचारायचं. उत्तरं बहुधा साधी असतात: दाराचं कुलूप बदलायचंय, मुलांना कोण सांभाळणार, रात्री सोबतीला कोण? माणूस आपणहून बोलला तर ऐकावं. खोदून विचारू नये.

काही गोष्टींना मात्र उशीर चालत नाही. लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांपर्यंत चालते, पण उशीर होईल तसा तिचा भरवसा घटतो. अत्याचाराच्या वेळचे कपडे पुरावा म्हणून कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. अंघोळ झाली असली तरी रुग्णालयात जावंच. उपचार पुराव्यावर अवलंबून नसतात.

‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न तर कुणीच विचारू नये. तीव्र भीतीत शरीर आपोआप थिजू शकतं, तिथे इच्छेचं काही चालत नाही. जबाबात प्रसंगांचा क्रम चुकतो, तोही खोटेपणाचा पुरावा नव्हे.

बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. महिन्यानंतरही प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, झोप उडत असेल, ठरावीक जागा टाळल्या जात असतील, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. गंमत अशी, की तेव्हा प्रसंग तपशिलात सांगणंच उपचाराचा भाग ठरतं. मात्र प्रशिक्षित थेरपिस्टसमोर, साधारण ८ ते १२ बैठकांत, पेलवेल त्या गतीने.

खून झालेल्याच्या कुटुंबाला हे वेळापत्रक पुरत नाही. खटल्याची प्रत्येक तारीख जखम उघडते. त्यामुळे सुनावणीआधी फोन करणं, कोर्टात सोबत बसणं आणि आरोपी सुटणार असेल तर कुटुंबाला ते आधी कळेल असं पाहणं, ही कामं वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागतात.