खासगी शाळेचा खर्च आजवर कोणी उचलला?

मंदी आली की खासगी शाळांच्या फीचा विषय पेटतो. पालक म्हणतात, आमचं उत्पन्न घटलं, फी कमी करा. संस्थाचालक म्हणतात, आमचा खर्च तेवढाच आहे, फी कुठून कमी करू? दोघंही खरं बोलत असतात. ही कोंडी जुनी आहे. तिचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते: पालकांना परवडेल एवढ्या फीत शाळेचा सगळा खर्च बहुतेक ठिकाणी कधी भागलाच नाही. उरलेला भार दुसरं कोणीतरी वाहत होतं. मंदीत किंवा महागाईत ते दुसरं कोणी थकलं की शाळा डळमळते.

आधी हिशेब समजून घेऊ. शाळेच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा पगारांचा. समजा एका वर्गात ३० मुलं आहेत आणि मंदीत तिघांच्या पालकांनी दाखला काढून नेला. त्या वर्गाचं उत्पन्न १० टक्क्यांनी घटलं. खर्च किती घटला? जवळजवळ काहीच नाही. उरलेल्या २७ मुलांना तोच शिक्षक लागतो, तीच खोली, तेच दिवे. तिघं एकाच वर्गातून न जाता तीन इयत्तांतून एकेक गेली, तर तुकडी बंद करून शिक्षक कमी करण्याची वाटही उरत नाही. कारखाना माल कमी काढून कच्च्या मालाचे पैसे वाचवतो, शाळेला ते जमत नाही. शिवाय विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाटक, संगीत अशा रंगमंचावरच्या कलांच्या संदर्भात जे दाखवलं, ते शाळेलाही लागू पडतं. ज्या कामात माणसाचा वेळ हेच मुख्य साधन आहे, तिथे यंत्रांनी उत्पादकता फारशी वाढत नाही, पण पगार मात्र बाकीच्या बाजाराबरोबर वाढवावे लागतात. म्हणून भरभराटीच्या काळातही फी सर्वसाधारण महागाईच्या पुढे धावते. मंदी येते तेव्हा कुटुंबं आधीच ताणलेली असतात.

सुरुवातीला हा भार जमिनीने उचलला. इंग्लंडमध्ये विंचेस्टरची शाळा १३८२ मध्ये आणि ईटनची १४४० मध्ये स्थापन झाली, ती गरीब पण हुशार मुलांसाठी. दोन्ही ठिकाणी ७० विद्यार्थ्यांची सोय होती आणि खर्च दान मिळालेल्या जमिनींच्या उत्पन्नातून चाले. बरोबरीने पैसे भरणाऱ्यांची मुलंही घेतली जात. हळूहळू त्यांची संख्या वाढली आणि पोटात राहिलेली धर्मादाय संस्था बाहेरून ओळखूही येईना. आज जगभर जी महागडी खासगी शाळा म्हणून ओळखली जाते, तिचा एक धागा असा मोफत शिक्षणापासून निघतो, हे मला या इतिहासातलं सर्वांत बोचणारं सत्य वाटतं.

जमीन नव्हती तिथे माणसांनी भार उचलला. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळा हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. १८८४ च्या बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चविभागाने शाळा काढावी असं ठरवलं आणि कामगार, स्थलांतरितांच्या मुलांसाठी हजारो शाळा उभ्या राहिल्या. फी नाममात्र. शिकवायला जोगिणी, म्हणजे चर्चच्या नन, त्यांना निर्वाहापुरतंच मानधन. १९६५ च्या सुमारास या शाळांत सुमारे ५२ लाख मुलं होती. नंतर जोगिणींची संख्या झपाट्याने घटली, त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले. खर्च वाढला, फी वाढली, त्यात १९७० च्या दशकातली महागाई. पुढच्या २५ वर्षांत पट निम्म्यावर आला. लोक याला श्रद्धेची ओहोटी म्हणतात आणि तो भाग आहेच. पण हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर एका पिढीच्या बायकांनी जवळजवळ फुकट केलेलं काम संपलं आणि शाळेची खरी किंमत पहिल्यांदाच पालकांसमोर आली.

तिसरा आधार सरकारचा. तो बहुधा अडचणीच्या काळातच मागितला गेला. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या अनेक निवासी शाळांचा पट घसरला होता. १९४२ मध्ये नेमलेल्या फ्लेमिंग समितीने १९४४ मध्ये सुचवलं की या शाळांनी एक चतुर्थांश जागा सरकारी खर्चाने येणाऱ्या मुलांना द्याव्यात. युद्ध संपलं, सुबत्ता आली, वर्ग पुन्हा भरले आणि शिफारस बहुतांशी कागदावर राहिली. पुढे १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये महागाई २४ टक्क्यांवर गेली. त्याच सुमारास ह्यूटन समितीच्या शिफारशींमुळे शिक्षकांचे पगार मोठ्या प्रमाणात वाढले होते. ते पगार न्याय्यच होते, पण खासगी शाळांनाही तेवढे देणं भाग पडलं. १९८० च्या कायद्याने सरकारने निवडक मुलांची फी भरण्याची योजना आणली आणि १९९७ मध्ये ती बंद झाली. न्यूझीलंडमध्ये मार्ग वेगळा निघाला. तिथल्या कॅथलिक शाळा आर्थिकदृष्ट्या टेकीला आल्या, तेव्हा १९७५ च्या कायद्याने त्यांना स्वतःचं धार्मिक वैशिष्ट्य राखून सरकारी व्यवस्थेत सामील होता आलं.

ऑस्ट्रेलियातली गोलबर्नची घटना इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. १९६२ मध्ये या गावातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेला तीन जादा शौचालयं बांधण्याचा सरकारी आदेश आला. शाळेकडे पैसे नव्हते आणि खासगी शाळांना सरकारी मदत मिळत नव्हती. गावातल्या कॅथलिक शाळांनी जुलैमध्ये सगळे वर्ग बंद केले आणि सुमारे दोन हजार मुलांना सरळ सरकारी शाळांच्या दारात पाठवलं. जेवढ्या जागा होत्या तेवढ्यांना प्रवेश मिळाला, बाकीची परत गेली. संप आठवडाभरच टिकला, पण ही मुलं उद्या सगळीच आमच्याकडे आली तर काय, हा प्रश्न सरकारला प्रत्यक्ष दिसला. पुढच्याच वर्षी पंतप्रधान मेंझीस यांच्या सरकारने खासगी शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांसाठी निधी जाहीर केला आणि तिथून या मदतीची परंपरा सुरू झाली.

२००८ च्या मंदीत चौथा आधार हलला, तो गुंतवलेल्या निधीचा. अमेरिकेतल्या जुन्या शाळांकडे देणग्यांचा कायम निधी असतो. त्याच्या गेल्या तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या साधारण ४ ते ५ टक्के रक्कम दरवर्षी खर्चायची, अशी त्यांच्याकडे सर्वसाधारण पद्धत आहे. सरासरीमुळे झटका एकदम बसत नाही, पण तो लांबतो. शेअर बाजार सावरायला लागला तरी शाळेच्या अंदाजपत्रकात पडझडीचं वर्ष मोजलं जातच असतं. दुसऱ्या बाजूने, आधी कधीही मदत न मागितलेली कुटुंबं अर्ज घेऊन येऊ लागली. शाळांनी सवलती वाढवल्या, पण छापील फी क्वचितच उतरवली. याचा परिणाम मधल्यांवर झाला. फार गरिबाला सवलत मिळते, फार श्रीमंताला फरक पडत नाही. दोघांच्या मधलं कुटुंब सवलतीच्या निकषात बसत नाही आणि पूर्ण फीही पेलू शकत नाही. माझ्या मते परवडण्याच्या चर्चेत सर्वांत कमी ऐकला जाणारा आवाज याच कुटुंबांचा आहे.

आयर्लंडमध्ये फी घेणाऱ्या शाळांतल्याही बहुतेक शिक्षकांचे पगार सरकार देतं. २००८ नंतर तिजोरी आटली तेव्हा सरकारने या शाळांसाठी शिक्षक देण्याचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी केलं. आधी १८ मुलांमागे एक शिक्षक मिळे, २०१३ पर्यंत ते २३ मुलांमागे एक झालं. कमी पडलेले शिक्षक शाळेने फीतून नेमायचे आणि फी देणारे पालक तर स्वतःच अडचणीत. किल्केनी कॉलेजसारखी जुनी शाळा २०१३ मध्ये फी सोडून मोफत शिक्षणाच्या योजनेत गेली.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि पुन्हा सगळं एकदम घडलं. पेरू देशात लाखाहून अधिक मुलांच्या पालकांनी खासगी शाळेतून सरकारी शाळेत जाण्यासाठी अर्ज केले. तिथल्या सरकारने खासगी शाळांना फीची फोड करून दाखवायला लावली, म्हणजे कोणत्या सेवेचे किती आणि त्यातल्या कोणत्या सेवा शाळा बंद असताना दिल्या जातच नाहीत. आशिया आणि आफ्रिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या स्वस्त खासगी शाळांना तर कसलाच आधार नव्हता. जमीन नाही, निधी नाही, अनुदान नाही. त्यांची फी कमी राहते ती शिक्षकांना, त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया, सरकारी शिक्षकाच्या पगाराचा लहानसा अंश देऊनच. फी थांबली तसा महिन्या-दोन महिन्यांत पगार थांबला.

भारतात राजस्थानच्या शाळांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३ मे २०२१ च्या निकालाने २०२०-२१ या वर्षाच्या फीत १५ टक्के कपात करायला सांगितली, फी हप्त्यांनी भरण्याची मुभा दिली आणि फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर ठेवायचं नाही असं बजावलं. शाळा बंद असल्यामुळे काय वाचलं, तेही न्यायालयाने मोजलं: वीज, पाणी, इंधन, देखभाल, लेखनसामग्री. पगार त्या यादीत नव्हता. प्रत्यक्षात मात्र कित्येक शाळांनी पहिली कात्री लावली ती पगारालाच.