रेल्वेच्या दिमतीला आलेल्या मोटारी

ऑस्टिन, मॉरिस, हिलमन, रोव्हर या जुन्या ब्रिटिश सलून (म्हणजे सेडान) गाड्यांच्या तळहातावर मावणाऱ्या प्रतिकृतींसाठी आज लिलावात बोली लागते. पण अशा छोट्या धातूच्या मोटारी सुरुवातीला आल्या त्या खेळण्यातल्या रेल्वेच्या दिमतीला. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने, १९३३ च्या अखेरीस आपल्या 'हॉर्नबी' रेल्वेगाड्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला त्या काढल्या. पुढच्याच वर्षी त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळालं. संग्राहकांचं लाडकं १:४३ हे प्रमाणही रेल्वेचंच. ब्रिटनच्या 'ओ' गेज या खेळण्यातल्या रेल्वेच्या मापात खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारी चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड, आणि त्याचा दोष सगळा मुलांचा नाही. त्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा थोडासा अंश गेला, तरी काही वर्षांनी धातू फुगतो, तडकतो आणि त्याचा भुगा होतो. कपाटात नीट जपलेली गाडीही यातून सुटत नाही.

सलून गाड्यांचा खरा बहर युद्धानंतरचा. १९४७ पासून डिंकीच्या ४० क्रमांकाच्या मालिकेत रायली, ऑस्टिन डेव्हन, स्टँडर्ड व्हॅनगार्ड, मॉरिस ऑक्सफर्ड अशा गाड्या येत गेल्या. यातली ऑक्सफर्ड आपल्याकडे 'हिंदुस्तान फोर्टीन' म्हणून धावली. त्या काळात ब्रिटनमध्ये बनलेल्या बऱ्याचशा मोटारी निर्यातीला जात आणि घरच्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं थांबावं लागे. बापाच्या आधी पोराच्या हातात नवी गाडी येई!

१९५६ मध्ये मेटॉय कंपनीने वेल्समधल्या स्वान्सी इथून 'कॉर्गी' आणली. तिच्या खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या काचा होत्या. डिंकीच्या खिडक्या तोवर नुसती भोकं होती. मग दोघांत चढाओढ लागली. स्प्रिंगची चाकं, उघडणारी दारं, उचलता येणारं बॉनेट. माझ्या मते साधी फॅमिली कार सर्वांत मन लावून घडवली गेली ती याच दशकात.

१९६८ मध्ये अमेरिकेतून सुसाट पळणारी 'हॉट व्हील्स' आली आणि पोरांना वेगाचं वेड लागलं. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, 'मॅचबॉक्स' या छोट्या मोटारी बनवणारी लेस्नी १९८२ मध्ये बुडाली, मेटॉय त्याच्या पुढच्या वर्षी.

गिऱ्हाईक मात्र संपलं नव्हतं, ते फक्त मोठं झालं होतं. मुलांनी गाडी हातात आल्या दिवशीच फेकून दिलेल्या तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला आता वेगळी किंमत मिळू लागली. १९९३ च्या सुमारास लेडो कंपनीने 'व्हॅनगार्ड्स' ही मालिका थेट या प्रौढांसाठी, पन्नास-साठच्या दशकांतल्या ब्रिटिश गाड्या घेऊन सुरू केली.

डिंकीचे काही साचे त्याआधीच, साठच्या दशकाच्या अखेरीस, कोलकात्याला पोचले होते. तिथे 'निकी टॉइज' या नावाने जग्वार आणि बेंटली ओतल्या गेल्या. त्यांचं काम ओबडधोबड आहे, तरी ब्रिटिश संग्राहक त्याही हुडकतात.