आंतरजालावरील छायाचित्रे आणि कॉपीराइट

आंतरजालावर सापडलेले छायाचित्र दुसऱ्याने कधी वापरावे, याचे भारतातील नियम मुख्यतः कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये आहेत. कायद्यात छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढले जाताच संरक्षण लागू होते. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, की चित्रावर कोणते चिन्हही छापावे लागत नाही. भारत १९२८ पासून बर्न कराराचा, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य असल्यामुळे करारातील इतर देशांच्या छायाचित्रकारांनाही येथे संरक्षण मिळते.

दिवाळी अंकांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दिसणाऱ्या ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’ या ओळीला कायद्यात काहीही वजन नाही. इंटरनेट कोणत्याही चित्राचा मालक नसतो, तेव्हा त्याचे सौजन्य घेणार कुठून? छायाचित्रकाराचे खरे नाव छापले तरी प्रश्न निम्माच सुटतो. श्रेय मिळणे हा कर्त्याचा कलम ५७ खालचा नैतिक हक्क आहे. परवानगी त्याहून वेगळी, आणि ती हक्काच्या मालकाकडूनच घ्यावी लागते.

हा मालक कोण, हे ठरवताना मात्र घोळ होतो. कर्ता नेहमी छायाचित्र काढणारी व्यक्ती. पण कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो बहुधा घरच्यांचे. स्टुडिओने ते न विचारता जाहिरातीत लावले, तर घरच्यांना हरकत घेता येते. वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या छायाचित्राचा हक्क वर्तमानपत्र वा नियतकालिकातील प्रकाशनापुरता मालकाकडे जातो आणि बाकीचा छायाचित्रकाराकडे राहतो. अर्थात तोही करार वेगळा नसल्यास.

मुदतीचे गणित २०१२ साली बदलले. त्याआधी छायाचित्राला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण होते. आता इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे ते मिळते. छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची छायाचित्रे केव्हाच हक्कमुक्त झाली आहेत. छायाचित्रकार होमाई व्यारावाला २०१२ मध्ये वारल्या. त्यांच्या ज्या छायाचित्रांचा हक्क नव्या हिशेबाने चालतो, ती २०७२ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. चित्र कृष्णधवल आहे, पिवळे पडले आहे, एवढ्यावरून ते मुक्त ठरत नाही.

परवानगीशिवाय चालणारे वापर कलम ५२ मध्ये दिले आहेत. खाजगी वापर व संशोधन, टीका वा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी रास्त वापराची मुभा आहे. वर्गात शिकवताना शिक्षकाला चित्र दाखवता येते. त्याच शाळेच्या प्रवेश-जाहिरातीला ही सूट लागू नाही. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र कोणीही काढून प्रसिद्ध करू शकतो. गेटवे ऑफ इंडियासमोरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचा फोटो स्वतः काढून खुशाल छापावा. दुसऱ्याने काढलेला उचलला, तर त्या छायाचित्राचा स्वतंत्र हक्क आड येतो. शिल्पाची ही सवलत भिंतीवर रंगवलेल्या चित्राला त्याच स्पष्टपणे दिलेली नाही, ही त्या तरतुदीतली विचित्र फट आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांनी, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर सर्वांना आधीच दिलेल्या परवानगीने, बरेच काम सोपे केले आहे. विकिमीडिया कॉमन्स या चित्रसंग्रहाच्या संकेतस्थळावरील बहुतेक चित्रे अशा परवान्याखाली किंवा हक्कमुक्त असतात. पण परवाना म्हणजे सरसकट सूट नव्हे. कर्त्याचे नाव व परवान्याचा दुवा देणे, बदल केल्यास तसे सांगणे, काही परवान्यांत व्यापारी वापर टाळणे, या अटी मोडल्या की परवाना संपतो. गूगलचा चित्रशोध परवान्यानुसार गाळणी लावून देतो, तरी मूळ पानावर जाऊन अटी वाचाव्याच लागतात.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे चित्र काढून टाकणे किंवा नुकसानभरपाई यावरच मिटतात. छायाचित्रावरील मालकीची माहिती मुद्दाम पुसणे हा २०१२ पासून वेगळा गुन्हा आहे. फोटोच्या कोपऱ्यातले नाव कातरून टाकणाऱ्यांच्या हे सहसा गावीही नसते. दिवाणी दाव्यासाठी छायाचित्रकाराला प्रतिवादीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. कलम ६२ त्याला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावू देते, म्हणून साताऱ्याच्या छायाचित्रकाराला दिल्लीच्या कंपनीविरुद्ध साताऱ्यातच दाद मागता येते.