पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचतं? नाही हो!

फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच फॉरवर्ड येतो, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते त्यामुळे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे ठिकाण स्वतःच चालत येतं, म्हणून तिकडचा प्रवास कमी वेळेचा. अहो, असं असतं तर हेलिकॉप्टर पुण्यावर पाच मिनिटं लटकवून ठेवायचं, खाली आपोआप मुंबई आली असती, घाटातला ट्रॅफिक कायमचा सुटला!

पृथ्वीसोबत हवाही फिरते आणि विमानही. डेक्कन क्वीनमध्ये बसून शेंगदाणा वर उडवा, परत तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही.

आणि प्रत्यक्षात उलटंच आहे. मुंबई-लंडन साधारण 7,200 किमी, पण पश्चिमेला जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. कारण वरचा वारा, जेट स्ट्रीम, जो साधारण 10 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. फेब्रुवारी 2020 मध्ये तर वादळामुळे हा वारा इतका जोरात होता की न्यूयॉर्कहून निघालेलं विमान पाच तासांच्या आत लंडनला, एरवी सहा-सात तास लागतात.

एअर इंडियाने 2016 मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून वळवली, अंतर सुमारे 1,400 किमीने वाढलं आणि वेळ मात्र कमी झाला, कारण वारा पाठीशी. म्हणजे नुसते किलोमीटर बघून वेळ काढायला गेलात की फसलात. घड्याळातल्या वेळेचा घोळ वेगळाच, तो टाइमझोनचा.