कडकनाथची अंडी काळी नसतात

धडगाव-शहाद्याकडे कडकनाथ जातीच्या कोंबड्या विकायला बसलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काळी अंडी आहेत का?" पक्षी काळा, मांस काळं, म्हणून अंडं आणि रक्तही काळं, असा समज खानदेशात वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

अंडं हातात घेऊन बघा. फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाक, आकाराने लहानसं. फोडलं की बलक पिवळाच. रक्तही लालच, थोडं गडद इतकंच.

काळेपणा येतो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. जनुकातल्या बदलाने ते कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, आतले अवयव इथवर साठतं. अंड्याच्या कवचाचा रंग वेगळ्या द्रव्यांचा, त्याचा मेलॅनिनशी संबंध नाही. आणि पिसं? सोनेरी किंवा पांढऱ्या रेघांची कोंबडीसुद्धा अस्सल कडकनाथच असते. तिला भेसळ म्हणून नाकारू नका, फार वाईट वाटतं.

मूळ ठिकाण आपल्या शेजारचं, मध्य प्रदेशातलं झाबुआ-अलीराजपूर. झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही कोंबडी अंडी उबवायला खुडूक फारशी बसत नाही, म्हणून पिल्लं हवी असतील तर अंडी गावरान कोंबडीखाली ठेवा.